सिस्टरबाईंचा पाळणा

दिवाळी अंकाच्या मंडळींनी फोन करून सांगितलं, "मास्तर, वरातीतले किस्से लिहा. घोडा उधळला, नवरदेव पडला, असलं काहीतरी. वाचणाऱ्याला हसू आलं पाहिजे." घोडे माझ्यासमोर पुष्कळ उधळलेत. नवरदेवही पडलेत, आणि त्यांतले काही तर घोड्यावर बसायच्या आधीच पडले होते. पण महाड-पोलादपूरच्या पट्ट्यात उभा जन्म क्लॅरोनेट फुंकून झाल्यावर मला लिहावंसं वाटतं ते वरातीचं नाही, नाताळच्या गाण्यांचं. हसू येईलच असं नाही. छापायचं तर छापा.

महाडच्या बौद्ध वस्तीतल्या बँडवाल्याचा नाताळशी काय संबंध, असं कुणी विचारेल. संबंध पौषाचा आहे. आमचं वर्ष तुळशीच्या लग्नापासून सुरू होतं आणि पौष लागला की लग्नं बंद पडतात. मग लाल कोट खुंटीला लागतो, ट्रंपेटवाला वीटभट्टीवर जातो, ढोलवाला एमआयडीसीत कुठे हंगामी काम मिळतंय का बघतो. नाताळ बहुतेक त्याच सुमाराला येतो. कारखान्यांमुळे महाडात बाहेरची माणसं आली होती, त्यांत केरळचे, तमिळ मुलखातले, नगरकडचे असे ख्रिस्ती होते. एका वर्षी त्यांनी विचारलं, आदल्या संध्याकाळी आम्ही वसाहतीत घरोघर गाणी म्हणत फिरतो, साथीला बँड मिळेल का? मी लगेच हो म्हणालो. गाणी येतात का हे त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

लोकांना वाटतं, बँडवाले कागदावर बघून वाजवतात. आमच्याकडे कागद वाचणारे हाताच्या बोटांवर मोजावेत इतकेच. गिऱ्हाईक गुणगुणतं, मी ते क्लॅरोनेटवर शोधतो, सापडलं की ट्रंपेटवाल्याला दाखवतो, ढोलवाल्याला फक्त ठेका सांगतो. चहा येईपर्यंत गाणं बसतं. ट्रंपेटचा आवाज लांब जातो, पण शब्द बोलायचं काम क्लॅरोनेटचं. ऐकणाऱ्याला गाण्यातले शब्द ऐकू आल्यासारखे वाटले नाहीत तर त्या वाजवण्याला काही अर्थ नाही. म्हणून मी नेहमी विचारायचो, याचा अर्थ काय, हे कुणी कुणासाठी म्हणतं? वरातीत असं विचारायची सोय नसते. तिथे एकच उत्तर असतं, "जोरात वाजव."

माझ्या वडिलांना हा धंदा कधीच पटला नाही. त्यांच्या पिढीनं गावकीचं वाजवणं सोडलं होतं, आणि ते काही गंमत म्हणून सोडलं नव्हतं. ते म्हणायचे, "जे आम्ही खाली ठेवलं ते तू उचललंस." मी उलट बोलायचो, मी सुपारी घेऊन वाजवतो, ठरवून वाजवतो, मला कुणी हुकूम करत नाही. पण वरात दारात पोचते, नवरा-नवरी आत जातात, पाहुणे आत जातात आणि बँड अंगणाच्या कडेला, पाण्याच्या टाकीपाशी, आपल्याला कधी जेवायला बोलावतात याची वाट बघत उभा राहतो. अशा वेळी मला वडिलांचं तोंड आठवायचं. काही घरांत आमची पंगत अजूनही सगळ्यांत शेवटी आणि जरा बाजूला बसते. कारण कुणी सांगत नाही. सांगायची गरजही नसते.

नाताळच्या गिऱ्हाइकांची तऱ्हा वेगळी होती. थॉमस नावाचा एक वेल्डर होता केरळचा. बायको-मुलं तिकडे, हा इकडे एका खोलीत. त्याच्या दारात पोचलो की तो एकच गाणं सांगायचा आणि मोबाईल हातात उंच धरायचा. पलीकडे बायको तेच गाणं म्हणत असायची. पण फोनवर तिचा आवाज मागून यायचा, आमची ओळ संपली की तिची सुरू व्हायची. थॉमस एका हातानं फोन धरून दुसऱ्या हातानं आम्हाला खुणा करायचा, हळू, हळू. आम्ही इतके हळू व्हायचो की ढोलवाला वैतागायचा. शेवटी दोन्ही आवाज कसेबसे एकत्र आले की थॉमस डोळे मिटून घ्यायचा.

एकदा कशेडी घाटात ट्रेलर आडवा झाला आणि गोव्याकडे नाताळला निघालेल्या गाड्या पार पोलादपूरपर्यंत तुंबल्या. आम्ही एका कार्यक्रमाहून परत येत होतो. दिवस मावळत होता. फ्रॉक घातलेली एक म्हातारी बाई बसमधून उतरली आणि थेट माझ्यापुढे येऊन म्हणाली, "ए बँडवाला, तुमको क्रिसमसचा गाना आता?" आम्ही तिथेच रस्त्याच्या कडेला उभं राहून वाजवायला लागलो. बसमधली सगळी माणसं खाली उतरून कोंकणीत गायला लागली, ज्याची त्याची पट्टी वेगळी. म्हातारी रडली, मग डोळे पुसून आमच्या ट्रंपेटवाल्याला म्हणाली, "तू बेसूर हाय." तो अजून तिच्यावर रुसलेला आहे.

लग्नातलं गाणं लोकांना दुसऱ्यांनी ऐकावं म्हणून हवं असतं. नाताळची गाणी मात्र जो समोर नाही त्याच्यासाठी मागितली जातात, असं माझ्या लक्षात आलं. मागणारा कारखान्यातला साहेब असो की कॅन्टीनमधला आचारी, गाणं सुरू झालं की तो इथे नसायचा.

ह्या सगळ्यांत मला सर्वांत जवळच्या त्या शांताबाई सिस्टर. मूळच्या नगरकडच्या. पोलादपूरकडच्या कापडे गावाच्या पुढे डोंगराच्या अंगाला एक गाव आहे, तिथे त्या सरकारी नर्स म्हणून आल्या आणि रिटायर झाल्यावर तिथेच राहिल्या. गावाचं नाव लिहीत नाही. तिथली निम्मी बारशी मी वाजवली आहेत आणि मला अजून त्या रस्त्यानं जायचं असतं. लग्न केलं नव्हतं, घरचं कुणी उरलं नव्हतं. आसपासच्या वाड्यांमधली एक अख्खी पिढी त्यांच्या हातावर जन्मली. वाटेनं चालताना कुणीही दिसला की त्या सांगायच्या, हा पायाळू होता, हा रडलाच नाही, ह्याला उलटा धरून पाठीवर थापट्या मारल्या तेव्हा कुठे रडला.

महाडच्या नाताळाला त्या एसटीनं आल्या होत्या. माझी क्लॅरोनेट ऐकून जवळ आल्या आणि म्हणाल्या, "मास्तर, उद्या सकाळी माझ्या घरी याल? गावात ख्रिस्ती मी एकटीच. पण ऐकायला माणसं येतील."

आम्ही गेलो. सवयीनं अंगणाच्या कडेला उभे राहिलो. सिस्टर दारातून ओरडल्या, "तिथे काय करताय? आत या, गारठलात सगळे." आत एक खाट, एक बाक आणि दोन खुर्च्या. आम्हाला खाटेवर आणि खुर्च्यांवर बसवलं आणि गावातल्या बायका भुईवर बसल्या. त्या बायकांच्या घरी लग्नात मी टाकीपाशी उभा राहिलो होतो. सिस्टरनी त्यांना आणि आम्हाला एकाच ताटातून करंज्या फिरवल्या. कुणी एकीनं जरा हात आखडता घेतला, तर सिस्टर म्हणाल्या, "घे गं, तुझा जन्म झाला तेव्हा तुला पहिला हात माझा लागलाय. आता काय बाटायची राहिलीस?" सगळ्या हसल्या आणि तिनंही करंजी घेतली. त्या दिवसापासून मी दर नाताळाला तिथे गेलो. सुपारी घेतली नाही.

तिथे वाजायचा तो पाळणा. सिस्टरचे वडील मिशनच्या शाळेत मास्तर होते. त्यांनी येशूच्या जन्मावर तो रचला होता. चाल साधी, जात्यावर बसून म्हणावी तशी.

घोंगडी आणा गं, थंडीचा महिना,
गवतावर निजला येशूबाळ तान्हा.

पुढे गाय येते, मेंढपाळ येतात, प्रत्येक जण काहीतरी आणतो आणि शेवटी एक म्हातारी येते, तिच्याकडे आणायला काही नसतं म्हणून ती नुसती पाळणा हलवते. कुठल्या पुस्तकात तो छापलेला नव्हता. नगरला जे म्हणायचे ते गेले. सिस्टर मला म्हणाल्या होत्या, "दादांचं, माझ्या वडलांचं, मागे काही राहिलं नाही. घर भाड्याचं, शेत नाही, आणि मी अशी एकटी. हा पाळणा तेवढा आहे. ह्या बायका म्हणतात तोवर माझे दादा आहेत, असं मी धरून चालते."

बायका म्हणायच्या, त्याचं कारण सिस्टरच्या कामात होतं. बाळंतपण अडलं, वेळ लागला, बाई घाबरली, की सिस्टर तिच्या पोटावर हात ठेवून हा पाळणा म्हणत बसायच्या. गाडी पोचायची नाही अशा वाड्यांवर कंदिलाच्या उजेडात त्यांनी तो म्हटला आहे. मूल झाल्यावर त्याला पुसताना, गुंडाळताना, आईच्या कुशीत देतानाही तोच. त्यामुळे इथल्या बायकांना आई झाल्यावर पहिलं ऐकू आलेलं गाणं ते होतं. मग बारशाला त्याच म्हणायला लागल्या. येशूबाळाच्या जागी ज्याचं बारसं त्याचं नाव घालायचं, ही पाळण्याची रीतच असते, म्हणून तसं घातलं. 'गं'चा 'गो' झाला. बारशाला कुणी पूर्ण बँड बोलावत नाही, मी आणि ढोलकीवाला सखाराम असे दोघेच जायचो. पाळण्याची वेळ झाली की बायका सांगायच्या, "मास्तर, शिस्टरचा पाळना घ्या." ख्रिस्ती आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. कुणाला त्याचं काही वाटलं नव्हतं. सिस्टर पाळण्याची दोरी धरून बसायच्या आणि शेवटचं कडवं स्वतः येशूचं नाव घेऊन म्हणायच्या. बायका त्यांच्यामागून तसंच म्हणायच्या.

हे असं चाललं होतं. मग निलेशच्या मुलाचं बारसं आलं.

निलेश त्याच गावचा, नवी मुंबईत कुठल्याशा गोदामात सुपरवायझर. वाईट मुलगा नाही, हे आधी सांगतो. सिस्टरच्या गुडघ्याच्या गोळ्या तोच आणायचा, येता-जाता त्यांच्या पाया पडायचा. त्याची आजी अनसूयाकाकू ही सिस्टरची गावातली सर्वांत जुनी मैत्रीण. अंगणात मांडव, पाळण्याला फुगे, माईक. अनसूयाकाकूंनी पहिली ओळ उचलली, मी क्लॅरोनेट तोंडाला लावली आणि निलेशनं येऊन माईक बंद केला.

"आजी, थांब. हा पाळना नको. दुसरा कुठलाबी म्हन."

"का रे?"

"हा चर्चचा हाय. येशूचा. ग्रुपवर कोणतरी टाकलाय, आपल्या गावात हे चालतं म्हणून."

"येशूचाच हाय," काकू म्हणाल्या. "शिस्टरनं शिकवला आमाला. त्यात लपवायचं काय? तू उलटा आलावतास रे, पाय पुढं. तुझी आई मरनार असंच आमी धरलं व्हतं. तवा तिच्या उशाशी हाच चाललावता."

"आजी, तो जमाना वेगळा होता. आता काय काय चालतं तुला माहीत नाय. गाण्यातनंच सुरुवात होते." मग तो सिस्टरकडे वळला आणि हात जोडले. "सिस्टर, तुमच्याबद्दल काय नाय हां. तुम्ही आमच्यासाठी देवमाणूस. टेन्शन घेऊ नका."

सिस्टरच्या हातात पाळण्याची दोरी होती. "नाही रे, मी कशाला टेन्शन घेऊ?" एवढंच म्हणाल्या आणि दोरी हलवत राहिल्या.

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "निलेश, तू ज्या गाण्यावर जन्मलास तेच तुला आता चालत नाही का?"

"मास्तर, तुम्ही सुपारी घेतली ना? वाजवायचं काम करा."

सखारामनं माझा गुडघा दाबला. निलेशचा तो सूर आमच्या दोघांच्याही ओळखीचा होता. मांडवात चांगल्या पन्नासभर बायका होत्या आणि त्यांतल्या बहुतेक सिस्टरच्या हाताखाली बाळंत झालेल्या. एकही बोलली नाही. अनसूयाकाकू पदर तोंडाला लावून बसल्या. मला आजही त्या बायकांचा राग येतो, आणि त्या बोलल्या असत्या तर घरी काय झालं असतं हेही मला कळतं. दोन्ही एकदमच कळतं म्हणून तो राग कुठे काढता येत नाही. मी दुसरं काहीतरी वाजवलं. पेढे वाटले गेले. आम्हाला चहा टाकीपाशी मिळाला.

त्यानंतर बारशांना भलतीच पंचाईत झाली. बायका दुसरे पाळणे म्हणून बघायच्या, पण कडवी अर्ध्यावर विसरायच्या. एक-दोनदा मोबाईलवर पाळणा लावून स्पीकर जोडला. म्हाताऱ्या कुरकुरायला लागल्या, हे कसलं बारसं म्हणून. तरण्या पोरीसुद्धा गुणगुणताना त्याच चालीवर जायच्या आणि जीभ चावायच्या. चाल तर सगळ्यांच्या हाडात मुरलेली. शेवटी निलेशच्याच एका मित्रानं तोड काढली. त्यानं शब्द बदलले.

मला हे कळलं ते निलेशच्या चुलतभावाच्या मुलीच्या बारशाला. निलेश माईकवर म्हणाला, "आता आपल्या खोऱ्याचा पारंपरिक पाळणा सादर करत आहेत महिला मंडळ." मग माझ्याकडे बघून हळूच, "मास्तर, चाल तुम्हाला येतेच." पोरींनी मोबाईलमध्ये बघून सुरुवात केली.

घोंगडी आणा गो, थंडीचा महिना,
गवतावर निजला नंदाचा कान्हा.

मुलीचं बारसं आणि पाळण्यात कान्हा. बरं, कृष्णाचा जन्म भर श्रावणात, तिथे थंडीचा महिना कुठून आला, हेही कुणाला सुचलं नाही. गाय तशीच ठेवली होती. मेंढपाळांचे गवळी झाले होते. म्हातारी तीच, काही न आणणारी. कृष्णाचे पाळणे ह्या भागात काय थोडे आहेत? माझ्या आईच्या वयाच्या बायका गोड पाळणे म्हणायच्या कृष्णाचे, मी स्वतः वाजवलेत. पण ते नको होते, हाच हवा होता. फक्त तो कुठून आला ते नको होतं.

सिस्टर पुढच्या रांगेत बसल्या होत्या. त्याच कार्यक्रमात त्यांचा सत्कार ठेवला होता, इतक्या वर्षांच्या सेवेबद्दल. अंगावर शाल, मांडीवर नारळ, आणि समोर वडिलांचा पाळणा. त्यांनी टाळ्या वाजवल्या. मी वाजवत होतो म्हणून मला टाळ्या वाजवायची वेळ आली नाही, एवढंच माझं नशीब.

त्यांना घरी सोडायला मी बरोबर गेलो. वाटेत विचारलं, "सिस्टर, तुम्हाला राग येत नाही का?"

"येतो की. मला काय दगड समजलात?" त्या थांबल्या, गुडघ्यावर हात ठेवून. "दादांचं नाव कुणी घेत नव्हतंच, मास्तर. त्याचं दुःख नाही. पण त्यांनी एका बाळासाठी रचला होता. ते बाळच त्यातून काढून टाकलं."

"मग बोला ना. तुम्ही बोललात तर गाव ऐकेल."

"ऐकेल. आणि उद्या मला ताप आला तर निलेशच्या आईला पेज घेऊन यायची चोरी होईल. ह्या वयात मी कुठे जाऊ? नगरला?"

मला भांडण सुचत होतं कारण मला रात्री महाडला परत जायचं होतं.

बँड आता मोडला आहे. डीजे आणि बेंजोपुढे क्लॅरोनेट कुणाला ऐकू येत नाही, आणि खरं सांगायचं तर माझे पुढचे दात हलायला लागले. क्लॅरोनेट पुढच्या दातांवर पेलावी लागते, ते गेले की वादक संपला. पोरं विचारतात, कसं वाटतं आता? काय वाटायचं? लाल कोट नातवंडांनी नाटकाला नेला, तो परत आला नाही. तरी गेल्या नाताळाला सकाळच्या गाडीनं मी एकटाच सिस्टरकडे गेलो. एखादं गाणं निघण्यापुरता दम अजून आहे.

पूर्वी त्या सकाळी दारात चपलांचा ढीग असायचा. ह्या वेळी दोनच जोड होते, एक सिस्टरचा आणि एक अनसूयाकाकूंचा. काकू मागच्या दारानं आल्या होत्या, चपला मात्र पुढे आणून ठेवल्या होत्या. सिस्टरचं दार अगदीच रिकामं दिसू नये म्हणून असेल. सिस्टर खाटेवर उशीला टेकून बसल्या होत्या. बऱ्याच थकल्या होत्या. करंज्या काकूंनीच करून आणल्या होत्या, नारळाच्या, पदराखाली झाकून.

मी पेटी उघडली, क्लॅरोनेट जोडली, तोंडाकडची वेताची रीड ओली केली. विचारायचं काही नव्हतं, तिथे पहिला कुठला वाजतो हे ठरलेलं होतं. तेवढ्यात सिस्टर म्हणाल्या, "तो नको, मास्तर. दुसरं काहीतरी घ्या."

"का?"

त्यांच्याऐवजी काकूच बोलल्या. त्यांना वाटलं, सिस्टर भितात. त्यांनी खाटेजवळ सरकून सिस्टरच्या पायावर हात ठेवला. "वाजवू दे गो शिस्टर. आता भ्यायचं काय? आता तो आपला पारंपरिक पाळना झाला. कोन काय बोलनार नाय."

अगदी मायेनं म्हणाल्या. त्यांना खरंच आनंद झाला होता की आता काही अडचण उरली नाही.

सिस्टर हसल्या. "म्हणूनच नको म्हणते, अनसूया. नाताळच्या दिवशी माझ्या दारात वाजला, तर शिस्टरनं आमचा पाळणा चोरला म्हणतील."

"असं काय बोलतेस गो," काकू म्हणाल्या आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. पण नाही, तसं कुणी म्हणणार नाही, असं काही त्यांना म्हणता आलं नाही. मी क्लॅरोनेट मांडीवर घेऊन बसलो. मला इतका राग आला होता की फुंकर धड लागली नसती.

मग सिस्टरच म्हणाल्या, "एवढ्या लांबून आलात मास्तर, वाजवा. मला म्हणावासा वाटतोय. त्यांच्याच शब्दांत म्हणू, म्हणजे प्रश्न नाही. अनसूया, मला ते नवे शब्द नीट येत नाहीत. सांग बघू."

मी सूर धरला. काकूंनी पहिली ओळ म्हटली आणि सिस्टरनी मागून म्हटली. ती तर जुनीच होती. मग काकूंनी दुसरी ओळ सांगितली. सिस्टरनी डोळे मिटले, मान हलवत सुरुवात केली आणि 'गवतावर निजला' म्हणून झाल्यावर तोंडातून सवयीनं जुनं नाव गेलं.

काकूंनी त्यांचा हात हातात घेतला, लेकराला समजवावं तशा हळू आवाजात म्हणाल्या, "तसं नाय गो शिस्टर. कान्हा. कान्हा म्हन."